जबडा कुणाचा, मोजपट्टी कुणाची?

चिलीच्या अगदी उत्तर टोकाला, पेरूच्या सीमेला लागून आरिका नावाचे बंदर आहे. इथे वर्षभरात सरासरी एक मिलिमीटरही पाऊस पडत नाही. गावातून पूर्वेला निघालेला रस्ता दीडशे किलोमीटरच्या आत पुत्रे या साडेतीन हजार मीटरवरच्या गावी पोहोचतो. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी पुत्रे वरच राहते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत याच रस्त्याने हजारो आयमारा कुटुंबे डोंगर सोडून, शाळा, नोकरी आणि दवाखान्याच्या ओढीने खाली उतरली.

समजा, अशाच एका घरातला अकरा वर्षांचा मुलगा दातांच्या डॉक्टरांसमोर बसला आहे. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत, एवढीच आईची तक्रार. डॉक्टर मुलाच्या जबड्याचे माप घेतात आणि त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात. मग तारेच्या कंपनीने दिलेली एक पारदर्शक पट्टी काढून साच्यावर धरतात. पट्टीवर कमानीचे तीन आकार छापलेले असतात: निमुळता, चौकोनी आणि अंडाकृती. ज्या आकाराशी साचा जुळेल, त्या आकाराची तयार तार खोक्यातून काढायची. पण या मुलाची कमान रुंद आहे, सुळ्यांपाशी फाकलेली आहे, आणि छापलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. तेव्हा चुकले कोण? जबडा की पट्टी?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर मुलाच्या तोंडातले काही दात राहणार की जाणार हे ठरू शकते. ‘जागा कमी आहे’ असे एकदा ठरले की चार उपदाढा काढून टाकणे हा दंतशास्त्रातला नेहमीचा मार्ग आहे. तो पुष्कळदा योग्यही असतो. मात्र जागा कमी आहे की नाही, हे कुठल्या तरी ‘सामान्य’ मापाशी ताडूनच ठरते. ते माप कुठून आले, हे रुग्ण कधी विचारत नाही. डॉक्टरही क्वचितच विचारतात.

आधी दातांची कमान म्हणजे काय ते पाहू. वरचे दात एका नालाच्या आकारात उभे असतात, खालचे दुसऱ्या. हा नाल हाडाने बनतो हे खरे, पण केवळ हाडाने नाही. आतून जीभ ढकलत असते, बाहेरून ओठ आणि गाल दाबत असतात. या दोन दाबांचा जिथे मेळ बसतो तिथे दात स्थिरावतो. म्हणून तोंडाने श्वास घेणाऱ्या किंवा अंगठा चोखणाऱ्या मुलाची वरची कमान अरुंद होऊ शकते. खालच्या दोन सुळ्यांमधले अंतर तर फार लवकर ठरून जाते. कायमचे पुढचे दात आल्यावर, साधारण नऊ-दहा वर्षांनंतर ते फारसे वाढत नाही. तारेने बळेच वाढवले किंवा आक्रसले तर तार काढल्यानंतर बहुधा मूळ पदावर येते. अनुभवी ऑर्थोडॉन्टिस्ट खालच्या सुळ्यांच्या अंतराला हात लावायला कचरतात, ते त्यामुळेच.

आता मोजपट्टीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाच्या बॉनविल या दंतवैद्याने मांडले, की दोन्ही कानांजवळचे जबड्याचे सांधे आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य हे तीन बिंदू जोडले तर चार-चार इंचांचा समभुज त्रिकोण होतो. १९०५ मध्ये हॉली यांनी त्याच भूमितीवरून आदर्श कमान कशी आखावी हे सांगितले. पुढे १९३१ मध्ये डोके स्थिर धरून क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत आली आणि चेहऱ्याचे कोन अंशांत मोजता येऊ लागले. १९४८ मध्ये विल्यम डाउन्स यांनी ‘सामान्य’ चेहऱ्याची पहिली गाजलेली कोष्टके प्रसिद्ध केली. ती उत्तम दंतरचना असलेल्या अवघ्या २० गोऱ्या अमेरिकी मुलामुलींवर बेतलेली होती. बारा ते सतरा वयाची वीस मुले! डाउन्स यांचा हेतू प्रामाणिक होता. सामान्य माणसांतही किती फरक असतो, हेच त्यांना दाखवायचे होते. पण कोष्टक छापले गेले की त्यातले ‘किती फरक असतो’ हे वाचायचे राहते आणि मधला एकच आकडा लक्षात राहतो. हे रक्तदाबाचे झाले, वजनाचे झाले, तसेच जबड्याचेही झाले.

आयमारांचा मूळ प्रदेश या कोष्टकांपासून सर्वार्थाने लांब आहे. बोलिव्हिया, पेरू आणि चिली यांच्यामध्ये अँडीजच्या रांगांत अडकलेले आल्तिप्लानो हे उंच पठार, आणि त्यावर ३,८१२ मीटरवर टिटिकाका सरोवर. बोलिव्हियात आयमारा दहा लाखांहून अधिक आहेत. चिलीत मापुचेंच्या खालोखाल मूळनिवासींमध्ये त्यांचीच संख्या मोठी. ला पाझच्या डोक्यावर, चार हजार मीटरपेक्षा उंच बसलेले एल आल्तो हे तर आयमारांचेच शहर म्हणून ओळखले जाते. एवढ्या उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची छाती भरदार असते हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सीद दॉर्बिन्यी याने १८३९ मध्येच लिहून ठेवले. त्याच्या नोंदींमुळे युरोपीय विज्ञानाचे लक्ष आयमारांच्या शरीराकडे वळले. दुर्दैवाने ते फार वेळ छातीवर राहिले नाही. ते डोक्यावर गेले.

टिटिकाकाच्या परिसरातल्या जुन्या थडग्यांत लांबट, मागे निमुळत्या होत गेलेल्या कवट्या सापडत होत्या. त्याच १८३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन याने अमेरिकेतल्या कवट्यांचा जाडजूड ग्रंथ काढला आणि या कवट्या जन्मतःच तशा, एका निराळ्या प्राचीन वंशाच्या, असे धरले. दॉर्बिन्यी मात्र प्रत्यक्ष फिरलेला. ही तान्ह्या बाळांची डोकी बांधून केलेली करामत आहे, असे त्याने म्हटले. पुढे मॉर्टनलाही ते मान्य करावे लागले. तरीही १८५१ मध्ये रिव्हेरो आणि चुडी यांनी पेरूच्या पुराणवस्तूंवरील ग्रंथात ‘आयमाराएस’ हा लांब डोक्याचा स्वतंत्र वंश नोंदवलाच. म्हणजे आईने मायेने गुंडाळलेल्या फडक्याची खूण शास्त्रज्ञांनी रक्तात शोधली.

डोके बांधण्याची ही रीत अँडीजमध्ये फार जुनी आणि व्यापक होती. कवटीची हाडे जुळण्यापूर्वी, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पट्ट्या गोलाकार गुंडाळल्या की डोके वर-मागे लांबट वाढते. पुढून-मागून फळ्या किंवा गाद्या बांधल्या तर ते चपटे आणि रुंद होते. तिवानाकू संस्कृतीच्या अवशेषांत एका खोऱ्यात एक पद्धत, दुसऱ्या खोऱ्यात दुसरी, आणि राजधानीत दोन्ही अशी विभागणी दिसते. आपण कुठले, हे डोक्याच्या आकारावरून कळत असे. स्पॅनिश व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७५ च्या सुमारास या प्रथेवर बंदी घातली आणि ती हळूहळू विरून गेली. दंतवैद्याच्या दृष्टीने यातली लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. बांधलेल्या कवट्यांची आधुनिक पद्धतीने मोजमापे झाली तेव्हा बदल माथ्यापुरता थांबत नाही असे दिसले. कवटीचा तळ बदलतो आणि त्याला लटकलेला चेहराही थोडा बदलतो. चेहरा हा डोक्यावर चिकटवलेला मुखवटा नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा प्रयोग कुणा शास्त्रज्ञाला करता आला नसता.

कवट्यांच्या मोजमापाचा विषय निघाला की एक मराठी नाव घ्यायलाच हवे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे प्रस्थ. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली विषमता गोऱ्यांत अधिक असते का, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार असा फरक आढळत नाही, असे लिहून दिले. मार्गदर्शकाच्या मर्जीविरुद्ध निष्कर्ष लिहिणे काय असते, हे प्रबंध लिहिलेल्या कुणालाही विचारावे. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या विविध समाजांची शारीरिक मोजमापे घेतली. मोजायला त्यांची हरकत नव्हती, मोजमापातून उतरंड रचायला होती.

आयमारांच्या बाबतीतही मोजमाप पुन्हा नीट सुरू झाले ते १९७० च्या दशकात. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ विल्यम शल आणि चिलीचे फ्रान्सिस्को रॉटहॅमर यांच्या पुढाकाराने आरिकाचा किनारा, मधले डोंगर आणि आल्तिप्लानो अशा तीन उंचींवरच्या आयमारा वस्त्या तपासल्या गेल्या. कल्पना मोठी सुरेख होती. माणसे एकाच वंशवेलीतली, उंची वेगवेगळी. मग शरीरातला कुठला भाग उंचीमुळे आणि कुठला वारशामुळे, हे वेगळे काढता येईल. चिलीतल्या दंतवैद्यांनी आयमारा आणि बिगर-आयमारा मुलांचे चेहरे व दंतकमानी शेजारी ठेवून पाहण्याचे जे अभ्यास पुढे केले, त्यांचेही मूळ याच प्रश्नात आहे.

चेहऱ्याचे माप घ्यायला लागते ती कॅलिपर नावाची मोठी चिमट्यासारखी पट्टी आणि भागाकार. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घ्यायची, दोन गालफडांच्या हाडांमधल्या सर्वांत जास्त रुंदीने भागायची आणि शंभराने गुणायचे. उंची १२० मिलिमीटर, रुंदी १३० असेल तर ९२, म्हणजे लांबट चेहरा. उंची ११०, रुंदी १४० असेल तर ७९ च्या आत, म्हणजे चांगलाच रुंद. गालफडे ठळक असल्याने आयमारा चेहरा बघणाऱ्याला रुंद वाटतो. पण लहान मुलांचे सगळेच चेहरे रुंद असतात, कारण चेहऱ्याची उंची रुंदीच्या मागून, पौगंडावस्थेपर्यंत वाढत राहते. आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या कोष्टकात बसवले तर कुठल्याही देशात तो रुंद चेहऱ्याचाच ठरेल. त्यात ‘लांब चेहऱ्याला निमुळती कमान, रुंद चेहऱ्याला रुंद कमान’ हा पाठ्यपुस्तकी आडाखा. वेगवेगळ्या देशांत प्रत्यक्ष मोजल्यावर हे नाते बरेचदा सैल निघाले आहे. चेहरा पाहून तार निवडणे म्हणजे चपलेवरून हातमोजे घेण्यासारखे.

मग आयमारा मुलाच्या तोंडात वारशाने आलेले असे काय असते? याचे एक उत्तर जिभेला सापडते. वरच्या पुढच्या दोन दातांच्या मागच्या बाजूवरून जीभ फिरवून पाहा. आपल्याकडे बहुतेकांना ती बाजू जवळजवळ सपाट लागेल. अमेरिकेतल्या मूळनिवासींत आणि पूर्व आशियात मात्र दोन्ही कडा उचललेल्या आणि मध्ये खळगा असतो, फावड्यासारखा. या ठेवणीमागे ईडीएआर नावाच्या जनुकाचा एक बदललेला प्रकार आहे. तो सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी पूर्व आशियात उद्भवला असावा आणि सैबेरियामार्गे माणसांबरोबर अमेरिकेत पोहोचला. हेच जनुक केसांची जाडी ठरवण्यात भाग घेते. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजार लोकांच्या अभ्यासात तर हनुवटी किती पुढे येते याच्याशीही त्याचा संबंध दिसला. फावड्यासारख्या दाताच्या कडा जाड असतात, त्यामुळे वरचे आणि खालचे दात मिटताना थोडे अंतर जास्त पडू शकते. कोष्टक त्याला दोष म्हणेल. वास्तविक तो फक्त जाड दात असतो. खळग्यात कीड लवकर शिरते, तिकडे मात्र लक्ष द्यायला हवे.

याच संशोधक गटाने २०१८ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. चिलीच्या लोकांत मूळनिवासी वारसा असतो, पण तो दक्षिणेच्या मापुचेंकडून आला की मध्य अँडीजच्या आयमारा-केचुआंकडून, यावर नाकाच्या ठेवणीसारखी वैशिष्ट्ये बदलतात. म्हणजे ‘मूळनिवासी चेहरा’ असा एकच एक चेहरा नाही. मग ‘चिलीचा सरासरी जबडा’ काढून तो आरिकाच्या मुलाला लावणे हेही अमेरिकी पट्टी लावण्याइतकेच चुकीचे ठरू शकते.

वारशाइतकाच ताटाचा वाटा. टिटिकाकाच्या खोऱ्यात सोरो मिकाया पाच्शा इथे सात हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांच्या वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू चमत्कारिक रीतीने झिजलेली आहे. माती लागलेले रानटी कंद दातांनी सोलून-ओढून खाल्ले की अशी झीज होते. याच कंदांचा पुढे बटाटा झाला, जो आज आपल्या वड्यात आहे. शेती आली तसे अन्न शिजवलेले, मऊ झाले. जगभरच्या जबड्यांची तुलना करणाऱ्या २०११ च्या अभ्यासात शिकारी समाजांचे खालचे जबडे लांब आणि अरुंद, शेतकऱ्यांचे आखूड आणि रुंद आढळले. तरी आल्तिप्लानोवरच्या ताटात चावायला बरेच काही उरले होते: लामाचे वाळवलेले मांस चार्की, भाजलेला मका, आणि रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला बटाटा, म्हणजे चुन्यो.

आरिकात आल्यावर पाव, नूडल्स, बिस्किटे आणि थंड पेये आली. जबड्याच्या हाडाला वाढीच्या वयात चावण्याचा ताण मिळाला नाही तर तो पुरता वाढत नाही, दातांचा आकार मात्र जनुकांनी ठरवून ठेवलेला. मग गर्दी होते. याचा पुरावा आपल्या देशातही आहे. १९८३ मध्ये चंदीगडच्या परिसरात पंजाबी तरुणांची तुलना झाली, तेव्हा खेड्यातल्यांपेक्षा शहरातल्यांची दंतरचना अधिक बिघडलेली आढळली. वंश एक, भाषा एक, बदलले ते ताट. म्हणून आरिकाच्या त्या मुलाच्या दातांतली गर्दी ‘आयमारा’ आहे की ‘शहरी’, हा प्रश्न त्याच्या पुत्रेतल्या आजोबांचे तोंड पाहिल्याशिवाय सुटत नाही.

आजोबांच्या तोंडात कदाचित दाढाच नसतील. कोकाची पाने गालात धरून त्यासोबत राखेची किंवा चुन्याची गोळी चघळण्याची रीत अँडीजमध्ये हजारो वर्षांची आहे. आपल्याकडच्या तंबाखू-चुन्याची आठवण व्हावी, असाच प्रकार. उत्तर चिलीतल्या प्राचीन सांगाड्यांत अशा चघळणाऱ्यांच्या दाढांची मुळे गालाच्या बाजूने उघडी पडलेली, किडलेली आणि दाढा अकाली गळालेल्या दिसतात. दाढ गेली की तिथले हाड झिजते आणि कमानीचा आकारच बदलतो. तो बदलही मग मोजमापात ‘आयमारांचे वैशिष्ट्य’ म्हणून नोंदवला जाण्याचा धोका असतो.

उंचीचा परिणाम नेमका कुठे होतो? याचे ठळक उत्तर जबड्याच्या रुंदीत नसून गर्भावस्थेत आहे. वरचा ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्याच्या आसपास. १९९९ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या जन्मजात व्यंगांच्या मोठ्या नोंदवहीतून ला पाझ, बोगोटा, कीतो अशा दोन हजार मीटरपेक्षा उंचावरच्या रुग्णालयांतल्या जन्मांची पाहणी झाली. फाटलेला ओठ आणि कानाची अपुरी वाढ ही व्यंगे उंचावर जास्त होती. प्राणवायूची कमतरता आणि तिथल्या लोकांचा वारसा यांतले कोण किती जबाबदार, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पैसा आणि शल्यचिकित्सक कुठे लागणार हे त्यातून कळते. कमानीच्या रुंदीच्या मिलिमीटरपेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची.

आणि आयमारा कोण, हे तरी कसे ठरवायचे? चिलीतल्या १९९३ च्या कायद्यानुसार मूळनिवासी असण्याची एक खूण म्हणजे आडनाव. स्पॅनिश रिवाजानुसार प्रत्येकाला दोन आडनावे, एक वडिलांचे आणि एक आईचे. ममानी, किस्पे, कोन्दोरी, चोके ही नावे दोन्हीकडून आली तर संशोधक त्या मुलाला आयमारा गटात टाकतात, एकीकडून आले तर मिश्र गटात. आडनावावरून माणूस ओळखण्याची सवय आपल्याला सांगायला नको, आणि त्यातली गफलतही. साडेचारशे वर्षांच्या सरमिसळीनंतर ममानीच्या तोंडात अन्दालुसियाचा सुळा आणि गोन्सालेसच्या तोंडात टिटिकाकाचा पटाशीचा दात असू शकतो.

याचा अर्थ स्थानिक मापे निरुपयोगी आहेत असा नाही. उलट ती नसतील तर वीस अमेरिकी मुलांची सरासरी जगभर चालत राहते. म्हणूनच भारतातही वेगवेगळ्या प्रांतांची, महाराष्ट्रात मराठा समाजाचीदेखील क्ष-किरण संदर्भमूल्ये काढण्याचे अभ्यास झाले आहेत. या मापांमुळे रुंद कमान म्हणजे विकार हा समज तरी सुटतो. पुढचे काम प्रत्येक तोंडापुरते वेगळे असते.

आरिकाच्या त्या खुर्चीपाशी डॉक्टरांना एक सोपा मार्ग उपलब्ध आहे. छापील पट्टी बाजूला ठेवायची. मुलाच्या खालच्या जबड्याचा साचा कागदावर उलटा ठेवून पेन्सिलीने त्याची कड उतरवायची, आणि पक्कडीने तार त्या रेघेवर वाकवायची. दहा मिनिटे जास्त लागतात.